बोल्ट घट्ट, सेल्फ सैल : एका जुन्या मारुती ८०० चं प्रकरण

गाडी १९९७ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरची. मालक गगनबावड्याकडचे, शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. तक्रार अशी, की सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी स्टार्टर मोटर) मारला की कधी गाडी पहिल्या झटक्यात चालू होते, कधी नुसतं 'कर्रर्र' करून सोडून देते, तर कधी मोटर आतल्या आत मोकळीच भणभणत राहते. मधल्या काळात दोनदा सेल्फ मोटर बदलून झाली होती. बॅटरी नवी होती. चावी फिरवल्यावर अधूनमधून फक्त 'टक्' वाजायचं, म्हणून कुणीतरी वायरिंगमध्ये जादा रिलेही टाकला होता. अखेर दुसऱ्या मोटरचा खालचा कान (ज्यातून बोल्ट जातो तो) तुटला आणि गाडी टोचन करून कोल्हापूरला आमच्या गॅरेजवर आली.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की जुन्या गाडीच्या सेल्फची तक्रार आली की आपला हात थेट मोटरवर जातो. मोटर उतरवा, ब्रश बघा, नाहीतर सरळ बदला. ती ज्या जागेवर बसते ती जागा बघायची सवय फार थोड्या जणांना आहे, आणि माझ्या मते जुन्या गाड्यांतले निम्मे हट्टी सेल्फ तिथेच अडलेले असतात. चौकट तिरकी असेल तर दार कितीही नवं आणा, घासायचं ते घासणारच.

आधी मोटर बसते कशी ते. या गाडीत सेल्फ मोटर गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगवर (इंजिनकडच्या घंटेसारख्या कव्हरवर) दोन बोल्टांनी बसते. पण तिला नेमक्या जागी आणायचं काम बोल्ट करत नाहीत. मोटरच्या तोंडाला मशीन केलेली एक गोल कड असते, ती हाउसिंगच्या तेवढ्याच मापाच्या भोकात अचूक बसते. बेंडिक्सचा छोटा गिअर (सेल्फ मारला की मोटरमधून पुढे येणारा) आणि फ्लायव्हीलची रिंग (इंजिनच्या जड चाकावरचं दातेरी कडं) यांच्यातलं अंतर ही कड ठरवते. बोल्टांनी फक्त मोटरचं तोंड हाउसिंगच्या तोंडाला सपाट दाबून धरायचं असतं. सेल्फ लागतो तेव्हा बेंडिक्स रिंगला ढकलतो आणि रिंग तेवढ्याच जोराने मोटरला मागे रेटते. कड भोकात पूर्ण बसलेली असेल तर हा रेटा ती झेलते. ती अर्धवट बाहेर असेल तर सगळा भार बोल्टांवर आणि कानांवर येतो, आणि कान बिडाचे असोत की ॲल्युमिनियमचे, ते त्यासाठी केलेलेच नसतात.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. मोटरला प्लसची जाड केबल येते, पण मायनसची वेगळी वायर नसते. शंभर अँपिअरच्या वरचा करंट मोटरच्या अंगातून हाउसिंगमध्ये जातो आणि तिथून बॅटरीच्या निगेटिव्हला परततो. म्हणजे मोटरचं बसणं बिघडलं की गिअरांची जुळणीही बिघडते आणि करंटची वाटही. गुरुजींच्या गाडीत ही दोन्ही लक्षणं एकत्र दिसत होती, म्हणूनच प्रत्येक मेकॅनिकला वेगवेगळा रोग दिसला.

इथे एक आडवळण घेतो, कारण मोटरखाली वायसर घालायची खोड बहुतेक मोटर बसवायच्या दोन पद्धतींच्या गोंधळातून येते. जुन्या शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिनात मोटर इंजिनच्या ब्लॉकला खालून लटकते. तिथे अशी कड नसते. बोल्टाच्या अंगावरच बारीक रेघा पाडलेल्या असतात, तो बोल्टच मोटरला जागेवर धरतो, आणि गिअरांतलं अंतर जुळवायला मोटर आणि ब्लॉकच्या मध्ये पातळ शिम, म्हणजे पत्र्याच्या पट्ट्या, घालतात. ती पद्धत तिथे बरोबर आहे. कडेवर बसणाऱ्या मोटरखाली मात्र शिम किंवा वायसर घातला की कड भोकातून बाहेर सरकते. अंतर जुळायचं राहिलं बाजूला, ते ठरवणारी गोष्टच निघून जाते.

आता गुरुजींकडे वळू. त्यांनी गाडीच्या खर्चाची वही ठेवली होती, तारखेसकट. अशा गिऱ्हाइकाचं काम करताना अर्धी मेहनत वाचते. मी त्यांना एवढंच विचारलं, "गुरुजी, हा आवाज सुरू व्हायच्या आधी गिअरबॉक्स कधी उतरवला होता का?" त्यांनी पानं चाळली. क्लच प्लेट बदलल्याची नोंद होती, आणि पहिली सेल्फची तक्रार तिच्यानंतर काही आठवड्यांतच लिहिलेली. क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरतो, आणि त्याच्यासाठी सेल्फ मोटर सुटते. मोटरचा त्रास तिच्या वयामुळे सुरू झाला असता तर तो या कामाला इतका चिकटून आला नसता.

वहीत आणखी एक नोंद होती, मला ती सोन्यासारखी वाटली : "गाडी गिअरमध्ये टाकून हातभर ढकलली की सेल्फ घेतो."

गाडी गिअरमध्ये ढकलली की इंजिन थोडं फिरतं, फ्लायव्हील फिरतं आणि बेंडिक्ससमोर रिंगचे दुसरे दात येतात. मोटर, बॅटरी, केबल यांत काहीही बदल होत नाही. तरी सेल्फ घेत असेल तर दोष रिंगच्या ठरावीक दातांवर आहे, हे जवळजवळ नक्की. ८०० चं इंजिन तीन सिलिंडरचं, ७९६ सीसी. बंद होताना ते कुठल्या ना कुठल्या सिलिंडरच्या कॉम्प्रेशनला अडून थांबतं, त्यामुळे फ्लायव्हील बहुतेक वेळा तीनच ठिकाणी थांबतं, एकमेकांपासून १२० अंशांवर. चार सिलिंडरच्या गाडीत अशा जागा दोन असतात, समोरासमोर. बेंडिक्स वर्षानुवर्षं त्याच मोजक्या दातांवर आदळत राहतो. म्हणून रिंग सगळीकडून सारखी झिजत नाही, ती पट्ट्यापट्ट्यांनी खाल्ली जाते.

गाडी पिटवर घेतली. पहिलं काम बॅटरीची निगेटिव्ह केबल काढणं. सेल्फच्या जाड केबलला फ्यूज नसतो. पाना एकीकडे तिच्या नटाला आणि दुसरीकडे गिअरबॉक्सला टेकला तर पाना लाल होतो, हातात अंगठी किंवा स्टीलचं घड्याळ असेल तर बोटही जातं. आमच्याकडे नवीन मुलाला पहिल्या दिवशी हेच शिकवतो, आणि त्याने ते केलंय का हे आम्ही स्वतः बघतो.

वरचा बोल्ट चौदाच्या पान्याने अर्धा वळसा फिरला आणि पुढे बोटांनीच निघाला. खालच्याला चौदाचा पाना बसेना. त्याला सतराचा लागला. तिथेच माझं अर्धं निदान झालं.

जपानी घडणीच्या गाड्यांत दहा एमएमचा बोल्ट सहसा १.२५ पिचचा (दोन आट्यांतलं अंतर १.२५ एमएम) असतो आणि त्याचं डोकं चौदाचं असतं. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात 'दहाचा बोल्ट द्या' म्हटलं की मिळतो तो १.५ पिचचा, सतराच्या डोक्याचा. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. १.५ चा बोल्ट १.२५ च्या आट्यांत एक-दोन वळसे सहज जातो. मग जड होतो. हाउसिंग ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडी, त्यामुळे जोर लावला की तो आटे फाडत आणखी थोडा आत शिरतो आणि एका जागी कायमचा आवळतो.

खालचा बोल्ट काढताना तो शेवटपर्यंत कण्हत निघाला. त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमचा चुरा भरलेला होता, आणि फक्त टोकाकडचे चार-पाच आटे चमकत होते. डोक्याखाली एकावर एक तीन वायसर होते. कारण उघड होतं. बोल्ट आत जाईना, डोकं कानापासून लांब राहिलं, मग मधली जागा वायसरने भरली. पाना लावला की बोल्ट घट्ट लागायचा, पण तो घट्टपणा फाटलेल्या आट्यांचा होता, मोटरवर त्याचा दाब जवळजवळ नव्हता. पुढे ज्यांनी ज्यांनी ही गाडी पाहिली त्यांनी पाना लावून बघितलंच असणार, आणि 'बोल्ट टाइट आहे' म्हणून ते पुढे गेले असणार. टॉर्क पानाही इथे फसतो. तो बोल्ट फिरायला किती जोर लागतो ते सांगतो, तो जोर दाबण्यात गेला की आट्यांच्या घर्षणात हे त्याला कळत नाही.

मोटर बाहेर आली आणि कान व हाउसिंगच्या मधून चौथा वायसर खाली पडला. हा खालच्याच बोल्टावर, दोन तोंडांच्या मध्ये घातलेला होता. दुसरी मोटर बसवताना बेंडिक्स रिंगला लागतोय असं वाटून कुणीतरी तो घातला असावा. दोन कानांपैकी एकाखाली वायसर आणि दुसऱ्याखाली काही नाही, म्हणजे मोटर तिरकी. तुटलेल्या कानाची चीर बघितली तर तिचा आतला भाग जुना, काळपट होता आणि बाहेरचा ताजा, चमकणारा. कान एका दिवसात तुटला नव्हता, तो बरेच दिवस चिरत आला होता.

हाउसिंगच्या तोंडावर टॉर्च मारली. कडेच्या भोकात वाळलेल्या सिलिकॉनचं कडं जमलं होतं आणि त्याखाली ॲल्युमिनियमची पांढरी बुरशी. गगनबावडा हा जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पावसाचा तालुका, तिथल्या गाडीत हे होणारच. खालच्या भोकाभोवती फाटलेले आटे वर उचलून आले होते, नखाला लागेल एवढा उंचवटा. तोंडावर जागोजागी काळे जळके ठिपके. सपाट टेकायला जागा नसली की करंट ठिणग्यांनी उडी मारत जातो, त्याचे हे डाग. ज्या 'टक्' आवाजासाठी रिले टाकला होता त्याचा उगम या ठिपक्यांत होता. खात्रीसाठी एक चांगली मोटर बोल्ट न लावता हाताने भोकात बसवून पाहिली. ती डुगडुगली. निकोस जागेवर मोटर हाताने दाबली की बसते आणि हलत नाही.

मग प्लग काढले, क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवलं आणि मोटरच्या भोकातून रिंग बघत गेलो. तीन ठिकाणी दात खाल्लेले. प्रत्येक जागेसाठी पुलीवर पांढऱ्या पेंटने खूण केली. तिन्ही खुणा जवळपास सारख्या अंतरावर पडल्या. मधले दात चांगले होते. नुसत्या वयाने झिजलेल्या रिंगमध्ये बेंडिक्स जिथून आत शिरतो ती दाताची कड बोथट होते. इथे ती कड तर तुटलेली होतीच, शिवाय दाताच्या अंगावरची घासणीही एकाच टोकाला खोल होती आणि दुसऱ्या टोकाला जवळपास नव्हती. तिरक्या मोटरची सही इतकी स्पष्ट क्वचितच मिळते.

गुरुजींनी रोखठोक विचारलं, "गाडीची किंमत किती आणि तुमचा खर्च किती?" प्रश्न रास्त होता. मी सांगितलं की गिअरबॉक्स उतरवावा लागेल, रिंग बदलावी लागेल, हाउसिंगचे आटे नव्याने करावे लागतील, पण मोटर नवी घ्यायची गरज नाही. पासिंग २०२७ पर्यंतचं हातात होतं, खालचा पत्रा चांगला होता. या मॉडेलचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं तरी सुटे भाग अजून सहज मिळतात. ते म्हणाले, "करा, पण एकदाच करा."

आट्यांचा प्रश्न कसा सोडवायचा यावर गॅरेजमध्येच दोन मतं होती. सोपा मार्ग बारा एमएमचा टॅप मारायचा. तो मी मान्य केला नाही. बाराचा बोल्ट घालायचा तर मोटरच्या कानाचं भोकही मोठं करावं लागतं, आधीच तुटणारा कान आणखी बारीक होतो, आणि उद्या बदलून आणलेली प्रत्येक मोटर अशीच कोरावी लागते. भोक वेल्डिंगने भरून पुन्हा पाडायचा मार्गही आहे, पण उष्णतेने तोंड वाकडं झालं तर एक रोग काढून दुसरा घातल्यासारखं होतं. आम्ही हेलिकॉइल बसवायचं ठरवलं. भोक थोडं मोठं करून त्याच्या खास टॅपने नवे आटे पाडायचे आणि त्यात स्टीलच्या तारेचं वेटोळं फिरवून बसवायचं. आतून माप मूळचंच राहतं, दहा एमएम, १.२५ पिच, आणि हे आटे मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा टिकाऊ असतात.

यातली नाजूक बाब भोक सरळ पाडण्याची. हातातल्या ड्रिलने फाटलेलं भोक मोठं करायला गेलं तर बिट जुन्या वाकड्या वाटेनेच जातं. गिअरबॉक्स उतरलेला होताच, म्हणून हाउसिंग शिवाजी उद्यमनगरात नेलं. मशीनशॉपची अशी दाट वस्ती हाताशी असणं हे आम्हा कोल्हापूरकरांचं मोठं भाग्य आहे. तिथे मोटरच्या तोंडाची पातळी डायलने बघून हाउसिंग टेबलावर बांधलं, मग ड्रिल आणि टॅप. वेटोळं १५ एमएम खोलीचं घेतलं, म्हणजे बोल्टाच्या जाडीच्या दीडपट. बसवल्यावर त्याची शेपटी मोडून चिमट्याने बाहेर काढली. ती आत राहिली तर बोल्ट तिच्यावर अडतो.

उचललेले आटे बारीक दगडाने, तोंडाशी सपाट ठेवून काढले. कानस वापरली नाही, कानशीने तोंड गोलसर होतं. कडेचं भोक तारेच्या मऊ घासणीने धातू दिसेपर्यंत साफ केलं. दोन्ही तोंडांवर पेंट किंवा सिलिकॉन अजिबात लावलं नाही. पाणी आत जाऊ नये म्हणून सिलिकॉन लावणारे पुष्कळ आहेत, हेतू चांगला असतो, पण त्याने मोटर उचलली जाते आणि अर्थिंगही तुटतं.

रिंगचं काम त्यामानाने सरळ. जुन्या रिंगला दोन दातांच्या मध्ये छेद देऊन ती फोडून काढली. नवी रिंग सगळीकडून सारखी, २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवली आणि थंड फ्लायव्हीलवर टाकली. रिंग निळी पडेपर्यंत तापवू नये, दातांचं पाणी (कडकपणा) उतरतं आणि ती वर्षभरात पुन्हा खाल्ली जाते. दातांची उतरती कड बेंडिक्स येतो त्या बाजूला हवी. दात थोडे वाचलेले असते तर रिंग ६० अंश फिरवून चांगले दात पुढे आणता आले असते, जुन्या कारागिरांची ही युक्ती अजूनही चालते. इथे तुटलेल्या कडा इतक्या होत्या की ते करण्यात अर्थ नव्हता.

मोटर (कुठली, ते शेवटी सांगतो) बसवताना ती हाताने भोकात पूर्ण दाबली, एकाने खालून आधार दिला, आणि दोन्ही बोल्ट बोटांनी डोकं टेकेपर्यंत फिरवले. हा टप्पा कधीही गाळू नये. बोल्ट बोटांनी जात नसेल तर तिथेच थांबायचं, पाना उचलायचाच नाही. मोटरचं वजन एका बोल्टावर लटकवून दुसरा शोधत बसणं हेही कान चिरण्याचं एक कारण आहे. मग दोन्ही बोल्ट आळीपाळीने आवळले. ८.८ ग्रेडच्या दहा एमएम बोल्टाला साधारण ४५ न्यूटन-मीटर चालतो, आम्ही ४० वर थांबलो. शेवटी ०.०५ एमएमची फीलर पट्टी कानांभोवती घालून पाहिली. कुठेच शिरली नाही. बोल्ट घट्ट आहे की मोटर घट्ट आहे, हे ही पट्टीच सांगते.

इंजिन चालू होऊ नये म्हणून कॉइलची वायर काढून सेल्फ फिरवला. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी मोटरच्या अंगावर ठेवली. ०.१४ व्होल्ट. इथे ०.५ च्या वर आकडा गेला तर अर्थिंग खराब धरतो, ०.२ च्या आत असेल तर उत्तम. फिरताना बॅटरी १०.६ व्होल्टवर टिकली. ती ९.६ च्या खाली जायला नको. नंतर पुलीवरच्या तिन्ही खुणा एकेक करून आणल्या आणि प्रत्येकीवरून सेल्फ मारला. आवाज तिन्ही ठिकाणी एकसारखा होता. आवाजाकडे कान देणं इथे महत्त्वाचं आहे. इंजिन फिरत असताना बारीक शिट्टीसारखा आवाज आला तर बेंडिक्स आणि रिंगमधलं अंतर जास्त आहे. इंजिन चालू झाल्यावर, चावी सोडताना तसा आवाज आला तर अंतर कमी आहे.

दोन्ही बोल्टांच्या डोक्यावरून कानापर्यंत पेंटची एक रेघ ओढली आणि पावसाळ्यानंतर गाडी दाखवायला सांगितली. गाडी आली तेव्हा रेघा जुळलेल्याच होत्या. जादा टाकलेला रिले आधीच काढून वायरिंग मूळचं केलं होतं, त्याचीही काही तक्रार नव्हती.

राहिला प्रश्न मोटरचा. गाडीची मूळची मोटर, पहिल्या बदलात 'गेली' म्हणून काढलेली, गुरुजींनी घरी पोत्यात गुंडाळून ठेवली होती. ती मागवून बेंचवर उघडली. ब्रश निम्म्याहून जास्त शिल्लक, आर्मेचर साफ, सोलेनॉइडचा झटका व्यवस्थित. फक्त बेंडिक्सचे दात गोल झाले होते आणि पुढचा बुश एका बाजूला अंडाकृती झिजला होता. नवं बेंडिक्स आणि बुश टाकून तीच गाडीला बसवली. आज ती गाडी त्याच मोटरवर चालते. कान तुटलेल्या मोटरचं पुढचं तोंड बदललं की तीही चालेल, ती गुरुजींना जादाची म्हणून परत दिली. त्यांच्या वहीत बोल्टाचं माप आणि '१.५ पिच चालणार नाही' एवढं ठळक लिहून घेतलं, म्हणजे पुढच्या वेळी गिअरबॉक्स उतरेल तेव्हा समोर जो कुणी मेकॅनिक असेल त्याला ते पान दाखवता येईल.